आबांच्या क्लॅरिनेटचं तोंड

तुळशीची लग्नं उरकली की आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत आवाज बदलतात. हमरस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या घरघरत जायला लागतात आणि मागच्या बोळातली बँडपार्टी गच्चीवर तालमीला बसते. ढोलाचं मला काही वाटत नाही, ट्रंपेटचंही नाही. पण त्या गोंगाटातून एखादं क्लॅरिनेट मध्येच चिरकलं, की मी हातातलं काम सोडून स्वतःच्या बोटांचा वास घेते. घरच्यांना याची सवय झाली आहे. नव्यानं कामाला लागलेल्या मावशींना झालेली नाही. परवा त्यांनी मला न बोलता साबण आणून दिला.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझं माहेर सांगलीचं, गुळाच्या पेढीचं. आमच्या अप्पांनी आयुष्यात कुठलीही ढेप नुसती बघून घेतली नाही. कोपरा मोडायचा, बोटांत चुरायचा, नाकाशी न्यायचा. गूळ पिवळाधमक, देखणा असला तर अप्पा जास्तच सावध व्हायचे. गुळाला रंग यावा म्हणून काहिलीत पावडर टाकतात, तिचा बारीकसा गंधकाचा वास मागं राहतो. तो वास आला की अप्पा ढेप बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, "ह्याला नुसता रंग हाय." आमच्या घरात पाहुण्यांनी आणलेले पेढे, नवी चादर, शाळेची वह्या-पुस्तकं, सगळं आधी नाकाखालून जायचं. आमच्या लग्नाच्या बैठकीत ह्यांच्याशी हात मिळवल्यावर अप्पांनी तो हात हळूच नाकाशी नेलेला मी पाहिला आहे. आमचे हे म्हणतात, त्यांना शिंक येत होती. माझा त्यावर विश्वास नाही.

अशा नाकाची मी, आणि माझ्यावर वेळ आली ती क्लॅरिनेटचं तोंड पारखायची.

तोंड हा आबांचा शब्द. आबा म्हणजे माझे सासरे. उंब्रजच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव, तिथं थोडाफार ऊस. पण उमेदीची सगळी वर्षं गेली पलटणीच्या बँडात, क्लॅरिनेट वाजवण्यात. क्लॅरिनेटच्या वरच्या टोकाला जो काळा, चोचीसारखा तुकडा असतो, ज्यावर वेताची पत्ती बांधून फुंकतात, त्याला दुकानात माउथपीस म्हणतात. आबा त्याला तोंड म्हणतात. "बाकीचं लाकूड. सूर तोंडात असतोय," असं ते सांगायचे, आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. कुणाला काय कळत होतं?

आमची ऋतुजा पाळण्यात असताना आबांनी तिला शब्द दिला होता. नवरदेव मांडवाच्या दारात आला की क्लॅरिनेट आबा वाजवणार. बँडवाला कुणीही असो, त्या वेळचं गाणं आबांचं. पोरगी मोठी झाली, पुण्याला नोकरीला गेली, तरी फोन ठेवताना आबा विचारायचे, "काय, बाजा तयार ठिवू का न्हाई अजून?" ती लाजायची, मग चिडायची, मग एका दिवाळीत म्हणाली, "ठेवा, आबा." स्थळ विट्याचं होतं. माघात तारीख धरली.

आणि त्याच हिवाळ्यात आबांचे उरलेसुरले दात गेले आणि कवळी आली.

कवळीनं माणूस किती बदलतो हे बाहेरच्याला कळणार नाही. झुबकेदार मिशांचा, परेडच्या आवाजात भाजीवाल्याशी बोलणारा हा माणूस रुमालाआडून बोलायला लागला. जेवायला आमच्याबरोबर बसेना. पहिल्यांदा कवळी घालून त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आतून एक विचित्र किंकाळी आली आणि पाठोपाठ टकटक, चमचा बशीवर आपटल्यासारखी. वरचे दात तोंडावर टेकवून धरले की कवळी उचकटत होती. त्यातच जुन्या तोंडाचं टोक कधीतरी टवका उडून गेलेलं. आबांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, पेटीचे खटके लावले आणि बाहेर येऊन म्हणाले, "लग्नाला मी न्हाई येत. ऊस तुटायला आलाय. कुनी तरी बांधावर पायजे."

आमच्या घरात ऊसतोडीसाठी आजवर कुणी नातीचं लग्न चुकवलेलं नाही. मला लगेच संशय आला, आणि या वेळी तो खरा होता. आबांना चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटत होती. ऋतुजाला कळलं तशी ती फोनवर म्हणाली, "आबा नाहीत तर मी पण नाही. त्या विटेकरांना तसं कळवून टाका." हिला मुळात लग्नच करायचं नाही की काय, असा दुसरा संशय मला लगोलग आला. ह्यांनी मला गप्प बसवलं.

शेवटी आबांच्या पलटणीतल्या एका जोडीदारानं फोनवर सुचवलं की तोंड बदलून बघ. तोंडाचं टोक आणि पत्ती यांच्यामध्ये फट असते. ती फट मोठी असली तर दातांनी दाबून धरावं लागतं, बारीक असली तर नुसत्या ओठांनी भागतं. आबांनी मला हे टेबलावर पोस्टकार्ड ठेवून समजावलं. "ह्ये बघ सूनबाई. फटीतनं कार्ड जेमतेम जावं. बंद तोंडाचं पायजे मला. वर नरम पत्ती. मग कवळीवर जोर न्हाई."

"मग चला की आबा, सांगलीला जाऊन घेऊ. तिथं वाद्यांची दुकानं आहेत."

रुमाल वर गेला. "दुकानात वाजवून बगावं लागतंय. चार मानसांत कवळी हातात आली म्हंजे?"

ह्यांनी मग मोबाइलवरून एक मागवलं. मी आधी त्याखालचे सगळे अभिप्राय वाचून काढले. कुणा एकाचा मुलगा खूश होता, दुसऱ्याचाही मुलगा खूश होता, तिसऱ्याचा मुलगा अगदी त्याच शब्दांत खूश होता. "एकाच बापाची पोरं दिसतात," मी म्हणाले. हे म्हणाले, "सगळ्यात स्वस्त तेच आहे. आता कार्यालयाचा खर्च बघशील का हे?" लग्नघरात या वाक्यापुढं कुणी काही बोलू शकत नाही. आलं ते तोंड चकचकीत होतं, आरशासारखं. वास कसलाच नव्हता. माझ्या हिशेबानं हे चांगलं लक्षण. आबांनी दार लावून घेतलं आणि आतून बिजागरी करकरावी तसा आवाज आला. दार उघडून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "लय उघडं हाय. शाळंतल्या पोरास्नी ठीक. त्यांचं दात त्यांचंच असत्यात."

म्हणून मी सांगलीला गेले. दुसरं कोण होतं? ह्यांना रजा नव्हती, आबांना लाज होती, आणि मला नाक होतं.

हिवाळ्यात सांगली स्टँडवर उतरलं की मला माहेर आधी भेटतं ते वासानं. हळद, गूळ, बारदान, नदीकडून येणारा गार दमट वारा, त्यात रिक्षांचा धूर. मी रिक्षात बसले आणि दुकानदाराला फोन लावला. "तोंड बघायला येतेय मी. हो, आजच. उघडं नको हं, बंदच पाहिजे. जुनं चालेल, पण टवका उडालेला नको. फार महाग नको." फोन ठेवला तर रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याला राहवेना.

"ताई, पावनं बगाय चाल्लाय व्हय?"

"का हो?"

"न्हाई, जुनं चालंल म्हन्ताय. लय अडलंय का काय?"

दुकान एका अरुंद बोळात होतं. वर तानपुऱ्याचे भोपळे टांगलेले, खाली ढोलकीच्या वाद्या, आणि मधे चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार. त्यानं एक पेढ्याचा जुना खोका काढला आणि त्यातून तोंडं काउंटरवर मांडली. मी प्रत्येकाच्या फटीत पोस्टकार्ड घालून बघायला लागले तसा तो खुर्ची पुढं ओढून बसला. बहुतेक सगळ्यांत कार्ड झुलत होतं. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक होतं. काळं, पण चमक गेलेलं, कडेला थोडं तपकिरी. त्यात कार्ड जेमतेम गेलं.

"ह्ये घ्या वहिनी. एबोनाइट हाय. आता असलं येत न्हाई."

'आता असलं येत नाही' हे वाक्य अप्पांच्या पेढीवर मी लहानपणापासून ऐकलं आहे. ते ऐकलं की अप्पा आधी खिशावर हात ठेवायचे.

"एवढं चांगलं आहे तर इथं का पडलंय?"

"एका बँडवाल्यानं दिलं. पार्टी मोडली त्याची. आता सगळ्यांस्नी डॉल्बी पायजे."

त्यानं भाव सांगितला आणि माझा संशय पक्का झाला. तो मला परवडणारा होता. परवडणारी वस्तू चांगली आहे असं कुणी सांगितलं की मला पळून जावंसं वाटतं. तरी मी ते उजेडात धरलं, टोकावरून नख फिरवलं, कुठं चीर नाही हे पाहिलं. सगळं बरोबर. आता दोष कुठं असेल? मी अंगठ्यानं ते जोरानं घासलं, घासतच राहिले, आणि नाकाशी नेलं.

गंधक!

तोच बारीक, नाकाच्या मुळाशी चावणारा वास. माझ्यासमोर अप्पा ढेप बाजूला सरकवताना उभे राहिले. मी तोंड खाली ठेवलं. "बघते, सांगते," म्हणाले. दुकानदार माझ्याकडे आणि त्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिला.

साताऱ्याच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. बाहेर उसाचे फड तुटलेले, मधूनच गुऱ्हाळाची चिमणी, धुरानं अर्धं आभाळ गोड झालेलं. मी फार समाधानात होते. आपण फसलो नाही हा आनंद विलक्षण असतो. त्यात माणूस रिकाम्या हातानं घरी येतो आणि तरी काहीतरी कमावून आणल्यासारखा ऐटीत बसतो. आता विचार करते तेव्हा वाटतं, माझ्या घरात अशा न घेतलेल्या वस्तूंचं केवढं मोठं भांडार असेल. न घेतलेला प्लॉट, न घेतलेली पैठणी, न जोडलेल्या दोन-तीन मैत्रिणी.

घरी आल्याआल्या मी आबांना चहा नेऊन दिला. कप घेताना त्यांचा हात थबकला.

"सूनबाई, हात बगू."

मला वाटलं भाजलंय असं त्यांना वाटतंय. मी हात पुढं केला. इतक्या वर्षांत आबांनी कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता. त्यांनी माझी बोटं धरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मी तशीच उभी. चहावर साय धरत होती.

"थंडीत सकाळी बँडरूम उघडली," ते म्हणाले, "का ह्योच वास. समद्या पलटनीच्या पेट्या एकदम उघडायच्या. आमचं बँडमास्तर साब वरडायचं, फुंकू नका रं आदी, हातात गरम करा तोंडं. मग आमी सगळी गडी हात चोळत हुबं. असा वास सुटायचा..." त्यांनी डोळे उघडले. "कुटं हाय ते?"

"काय?"

"एबोनाइट. घासलं का गंधक वास मारतोय. रबरात गंधक घालूनच करत्यात ते. प्लास्टिकला मारंल का असला? कुटं ठिवलंयस?"

"आबा, मी ते नको म्हणून आले. भेसळ वाटली मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागले. पलटणीतलं, छातीतून येणारं हसू. कवळी खाली घसरली, त्यांनी ती जिभेनं वर ढकलली आणि पुन्हा हसले. रुमाल मांडीवरच पडून होता. "गुळवाल्याची पोर!" ते म्हणाले. "आगं, गूळ न्हाई गं त्यो!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही दोघं सांगलीला. मला रस्ताभर घोर, की ते तोंड गेलं असेल. आदल्या दिवशी जे मी फुकट घेतलं नसतं, ते दुसऱ्या कुणी घेतलं तर, म्हणून मी दर थांब्याला घड्याळ बघत होते. मी आबांना बजावलं, "आत गेल्यावर घाई दाखवायची नाही. आधी ढोलकीची चौकशी करू. मग सहज म्हणून..." आबा मान डोलवत होते. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताच ते गरजले, "कालचं तोंड हाय का ग्येलं?"

दुकानदारानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हाय की. पन काल वहिनींनी वासावर नापास केलं न्हवं? आज सर्दी झाली व्हय?"

भाव अर्थातच वर गेला होता. आबांनी मला बोलूही दिलं नाही. तोंड मुठीत धरून ते थोडा वेळ नुसते उभे राहिले, ते गरम करत असल्यासारखे. "वाजवून बगा की आजोबा," दुकानदार म्हणाला. आबांनी आजूबाजूला पाहिलं. दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी तोंड खिशात टाकलं. "घरी बगतो."

म्हणजे लाज अजून तिथंच होती. नुसतं तोंड मिळून काम झालं नव्हतं.

मग पौष सगळा दाराबाहेर उभं राहण्यात गेला. आबांनी दोन्ही ओठ दातांवर दुमडून वाजवायला सुरुवात केली. कधी आवाज यायचा, दाट, खालचा, काळ्या मातीतून पाणी झिरपावं तसा. तो आला की मी कढई खाली उतरवून ऐकत बसायचे. कधी मध्येच ती टकटक. मग शांतता. त्या शांततेत मला नाना शंका यायच्या. आबा आत बसलेत की निजलेत? की पुन्हा ऊसतोडीचं मनात आलंय? पत्रिका छापून आल्या, मांडवाची सुपारी दिली, बुंदीचा आचारी ठरला, आणि मी अजून एकालाही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते की आमचे आबा लग्नाला येणार आहेत. ह्यांनी गुपचूप बँडवाल्याला सांगून ठेवलं, आबा थांबले की तुमच्या माणसानं उचलायचं. आबांना कुणी सांगितलं नाही, तरी एके दिवशी त्यांनी मला दारातच धरलं. "माज्या मागं कोन हुबा करनार हाय तुजा नवरा?" संशय ही आमच्या घरातली एकट्या माझी जहागीर नव्हती तर!

आत्ता हे लिहिताना आबा शेजारच्या खोलीत पत्ती जिभेवर भिजवत बसले आहेत. त्यांना पत्ती भिजवताना बोलता येत नाही, म्हणून तेवढा वेळ घरात मी बोलते. ते तोंड अजून तेच आहे. कडेचा तपकिरी रंग वाढलाय. अधूनमधून मी ते मागून घेते आणि घासून बघते. आबा काही म्हणत नाहीत. गुळवाल्याची पोर म्हणून त्यांनी मला माफ केलं आहे.

लग्नाच्या दिवशी आबा आले. कोट, फेटा, आणि कोटाच्या खिशात रुमाल. उंब्रजजवळचं कार्यालय, समोर उसाचा हिरवा फड, आणि नवरदेवाची गाडी फाटकाशी येऊन थांबलेली. व्याही मंडळी विट्याची, गलाईवाली, म्हणजे दूरदूरच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं चालवणारी. अस्सल काय आणि नकली काय हे बघण्यात पिढ्या गेलेल्या. तेवढे सगळे डोळे आबांवर लागलेले. बँड थांबला. आबा पुढं झाले, ओठ दुमडले आणि गाणं सुरू केलं. पहिली ओळ स्वच्छ आली. दुसरीच्या मध्यावर कवळी उचकटली आणि क्लॅरिनेट असं चिरकलं की घोडा बिचकावा तसा नवरदेवाचा भाऊ मागं सरला. कुणीतरी हसलं. मागच्या माणसानं आपलं क्लॅरिनेट वर उचललं.

आबांचा हात खिशात गेला. रुमाल बाहेर आला. मला वाटलं, झालं. आता तोंड झाकून हा माणूस फडात शिरणार आणि पुन्हा कुणाला दिसणार नाही.

त्यांनी मान वळवली नाही. सगळ्यांच्या समोर, फाटकात उभं राहून, त्यांनी वरची कवळी काढली, मग खालची, दोन्ही रुमालात घेतल्या, घडी घातली आणि ती घडी माझ्या हातात दिली.

"धर, पोरी."

मग त्यांनी ते काळं तोंड ओठांत घेतलं. गाल आत गेले, मिशा खाली उतरल्या, चेहरा एकदम फार म्हातारा झाला. आवाज आला. बारीक होता, त्यात थोडी हवा मिसळलेली होती, पण तो फाटला नाही. ओळ पुरी झाली, पुढची आली. बंद तोंडाला जोर लागत नाही म्हणून नुसत्या हिरड्यांवर भागलं, असं आबा आजही सांगतात. असेलही. मागच्या माणसानं क्लॅरिनेट खाली घेतलं. ऋतुजा मुंडावळ्या सावरत दाराशी आली, नवरीनं यायचं नसतं तरी आली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

एवढ्यात विहीणबाई भेटीला पुढं आल्या. मी डावा हात पुढं केला. उजवी मूठ शालूच्या निऱ्यांत लपवली. सोन्याच्या घरातली बाई, लपवलेल्या मुठीवर नजर गेल्याशिवाय राहते थोडीच?

"काय ओ ताई, मुठीत काय हाय?"

ओठ हसत होते, डोळे नव्हते. ते डोळे मी ओळखले. रोज आरशात बघते. काय सांगावं? अंगठी म्हणावं, की औषध म्हणावं? समोर आबा डोळे मिटून वाजवत होते, बोळकं तोंड सगळ्या जगाला दाखवत. मी मूठ पुढं केली आणि रुमालाची घडी उलगडली.

विहीणबाईंनी कवळीकडे पाहिलं. मग आबांकडे. 

"आमचं मामंजी ह्याच पायी आलं न्हाईत लग्नाला," त्या हळूच म्हणाल्या. "मळ्याला पानी पाजायचंय म्हनं." त्यांनी कमरेची पर्स उघडली, मोबाइल काढला, विट्याला व्हिडिओ कॉल लावला आणि हात उंच करून तो आबांच्या दिशेनं धरला. "मामंजी, दिसतंय न्हवं? आवं, ह्यांच्याकडं बगा. आता गाडी धाडू का न्हाई?"